कागदी गोणी जीएसएमवर विकत घेणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सिमेंट, पीठ, स्टार्च, दूध भुकटी, खनिज भुकट्या, रंगद्रव्ये, खते असा माल कागदी गोण्यांत भरणाऱ्या कारखान्यांचे सर्व खरेदी विभाग

स. न. वि. वि.

तुमच्या मागणीपत्रात कागदाबद्दल बहुधा एकच ओळ असते : तीन थर, प्रत्येकी ८० जीएसएम, तपकिरी क्राफ्ट, बर्स्ट फॅक्टर अमुक. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन, बर्स्ट फॅक्टर म्हणजे कागद फुटण्याच्या दाबाचे माप. गोणीची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये असते, छपाईचे रंग नमुन्यासह असतात, पण कागदाला ही एवढीच जागा. गोण्या फुटल्या की पुढच्या मागणीपत्रात ८० चे ९० होतात, किंवा बर्स्ट फॅक्टर दोनाने वाढतो. गोण्या तरीही फुटतात. आम्ही या गोण्या बनवतो, प्रयोगशाळेत तपासतो आणि फुटल्यावर पाहायला जातो. आमचे म्हणणे थोडक्यात असे की त्या ओळीतल्या दोन्ही आकड्यांवरून गोणी टिकेल की नाही हे कळत नाही, आणि दुसरा आकडा वाढवायला लावून तुम्ही बऱ्याचदा गोणी अधिक वाईट करून घेता.

का, ते सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल. ‘क्राफ्ट’ म्हणजे जर्मन आणि स्वीडिश भाषांत ताकद. कार्ल डाल या रसायनतज्ज्ञाने १८७९ मध्ये डान्झिग येथे ही पद्धत शोधली. लाकडाचे तुकडे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड यांच्या द्रावणात १७० अंश सेल्सिअसच्या आसपास शिजवायचे. तंतूंना एकमेकांशी सांधणारे लिग्निन विरघळते आणि तंतू फारसे न दुखावता सुटे होतात. लाकडाचे निम्मे वजन या शिजवण्यात जाते, म्हणून हा लगदा स्वस्त पडत नाही. पण उरलेले तंतू लांब आणि धड असतात. पाइन, स्प्रूस अशा सूचिपर्णी झाडांचा तंतू साधारण ३ मिलिमीटर लांब, तर रुंद पानांच्या बहुतेक झाडांचा १ मिलिमीटरच्या आसपास. गोणीचा कागद लांब तंतूचाच लागतो. एवढ्यापर्यंत सगळे क्राफ्ट एकाच घराण्यातले.

पुढे वाटा फुटतात. खोक्याच्या बाहेरच्या थराला लागणारा क्राफ्टलायनर ताठ हवा, कारण खोके वरून येणारे वजन उभ्या भिंतींवर पेलते. गोणीला भिंती नसतात. तिच्या आतला माल वाहतो, सरकतो, पडल्यावर सगळीकडून बाहेर ढकलतो. इथे ताठ कागद आधी फाटतो. गोणीच्या कागदाने धक्का बसताना थोडे लांबायला हवे आणि लांबता लांबता धक्क्याची ऊर्जा गिळायला हवी. बर्स्ट फॅक्टर हे मोजमाप मुळात खोक्याच्या कागदाच्या सवयीतून आले आहे : रबरी पडद्याने कागदावर हळूहळू दाब द्यायचा, तो कोणत्या दाबाला फुटतो ते ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये मोजायचे आणि जीएसएमने भागायचे. हवेत भिरभिरत खाली येणाऱ्या पंचवीस किलोच्या गोणीशी या सावकाश दाबाचा संबंध फार थोडा.

गोणीसाठी पाहायचा आकडा म्हणजे टीईए, कागद तुटेपर्यंत गिळतो ती ऊर्जा, ज्यूल प्रति चौरस मीटरमध्ये. ताणयंत्रावर कागदाची पट्टी ओढली की बळ आणि लांबण यांचा आलेख मिळतो, त्या आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे टीईए. ढोबळ हिशेबासाठी ताणबळ गुणिले लांबण आणि त्याचा दोन तृतीयांश धरला तरी चालते. समजा एक साधा क्राफ्ट ६ किलोन्यूटन प्रति मीटरला तुटतो आणि तुटेपर्यंत २.५ टक्के लांबतो : टीईए सुमारे १००. दुसरा गोणीचा खास कागद ५.५ किलोन्यूटनलाच तुटतो, म्हणजे ‘कमी मजबूत’, पण ७ टक्के लांबतो : टीईए सुमारे २५७. बर्स्ट आणि ताणबळ एवढेच पाहणारा खरेदीदार पहिला कागद निवडतो.

आता हाच हिशेब गोणीवर लावा. ४० बाय ६० सेंटिमीटरच्या गोणीत प्रत्येक थराच्या दोन्ही बाजू मिळून ०.४८ चौरस मीटर कागद असतो. पहिल्या कागदाचे तीन थर मिळून १४४ ज्यूल गिळू शकतात, दुसऱ्याचे दोनच थर २४७. पंचवीस किलोची गोणी १.२ मीटरवरून पडली तर २९४ ज्यूल ऊर्जा घेऊन जमिनीवर येते. त्यातला बराच भाग मालाच्या आपसातल्या घर्षणात विरतो, आणि कागदाच्या सगळ्या भागांवर ताण सारखा येत नाही, म्हणून हे आकडे एकमेकांतून वजा करून निष्कर्ष काढू नका. पण तुलना म्हणून ते पुरेसे बोलके आहेत. तीन थरांची गोणी दोन थरांवर आणणे हा काटकसरीचा आंधळा उद्योग नसतो. कागद बदलून केले तर तो सुधारणेचा भाग असतो. कागद तोच ठेवून केले, तर मात्र फुटलेल्या मालाचा ढीग ठरलेला.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण विक्रेत्याच्या माहितीपत्रकात ती सहसा ठळक नसते. वरचे आकडे कागदाच्या उभ्या दिशेचे आहेत, म्हणजे यंत्रावर कागद ज्या दिशेने धावतो त्या दिशेचे. कारखान्यात तिला एमडी म्हणतात, आडवीला सीडी. गोणीची नळी बनवताना रिळाची लांबी ही गोणीची लांबी होते, म्हणून गोणीचा घेर कागदाच्या आडव्या दिशेत येतो. आणि आतून दाब आलेल्या कोणत्याही नळकांड्यात घेराच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेच्या दुप्पट असतो. गोणी आडवी पडली की ती क्षणभर असेच नळकांडे होते. उभ्या दिशेचा सुंदर टीईए दाखवणाऱ्या कागदाची आडवी दिशा कमजोर असेल, तर गोणी वरपासून खालपर्यंत सरळ रेषेत उसवल्यासारखी फाटते. तेव्हा टीईए मागताना दोन्ही दिशांचा, वेगवेगळा मागा. सरासरी देऊ केली तर घेऊ नका.

दोन दिशांची लांबण गिरणीत दोन वेगळ्या मार्गांनी येते. उभ्या दिशेसाठी बहुतेक ठिकाणी क्लुपॅक किंवा तशा पद्धतीचा भाग यंत्रात बसवलेला असतो. अर्धवट ओला कागद जाड रबरी पट्टा आणि गरम गुळगुळीत रोल यांच्यामध्ये दाबला जातो. ताणलेला रबर पुढे सैल होताना आकसतो आणि सोबत कागदालाही लांबीत आकसवतो. कापड धुतल्यावर आटू नये म्हणून ते आधीच आटवण्याची जी युक्ती वस्त्रोद्योगात होती, तीच १९५० च्या दशकात कागदावर आली. डोळ्यांना सुरकुती दिसत नाही, पण लांबण २-३ टक्क्यांवरून ६ ते १० टक्क्यांवर जाते. आडव्या दिशेला असे यंत्र नाही. तिथे दोनच गोष्टी कामाला येतात : लगदा ३० टक्क्यांच्या आसपास घट्ट ठेवून कुटणे, ज्यात तंतू एकमेकांवर घासून मुरडतात, आणि वाळताना कागदाला रुंदीत मोकळेपणी आकसू देणे. मोकळे आकसणे रिळाच्या कडांना जास्त आणि मधोमध कमी होते. त्यामुळे एकाच मोठ्या रोलमधून कापलेल्या रिळांचे आडवे टीईए सारखे नसतात. नमुना कडेच्या रिळातून दाखवायचा आणि माल मधल्या रिळांतून द्यायचा, हे कुणी मुद्दाम करते असे नाही, पण घडते. नमुना रोलच्या मध्यभागातला मागायला हरकत नाही.

आता बर्स्ट फॅक्टर वाढवण्याचा तोटा. लगदा पातळ करून, म्हणजे ४ टक्क्यांच्या आसपास ठेवून, अधिक कुटला की तंतूंना लव सुटते, ते एकमेकांना घट्ट धरतात, ताणबळ आणि बर्स्ट दोन्ही वाढतात. गिरणीला तुमचा आकडा गाठण्याचा सर्वांत सोपा रस्ता हाच. पण त्याच कुटण्याने कागद दाट होतो, तंतूंमधल्या फटी बुजतात, हवा जायची थांबते. वर फाडबळही, म्हणजे पडलेली चीर पुढे फाटायला लागणारे बळही, उतरते. भुकटी भरणाऱ्याला हवा जाणारा कागद लागतो आणि तो मागणीपत्रातून नेमके उलटे मागत असतो.

हवेचा हा प्रश्न भुकटीच्या गोणीत सगळ्यांत महागात जातो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. व्हॉल्व्हच्या गोणीत, म्हणजे दोन्ही टोके बंद असून कोपऱ्यातल्या लहान तोंडातून भरायच्या गोणीत, माल यंत्राच्या तोटीतून येतो तो हवेने फुगलेला. पंख्याच्या फिरक्या असोत की दाबाची हवा, भुकटी वाहती करायला हवा लागतेच. समजा फुगलेल्या स्थितीत एका लिटरमध्ये ०.९ किलो भुकटी मावते आणि बसल्यावर १.२ किलो. मग पंचवीस किलो माल भरताना २७.८ लिटर जागा घेतो आणि बसल्यावर २०.८. सात लिटर हवा काही सेकंदांत बाहेर पडली पाहिजे. थोडी व्हॉल्व्हच्या फटीतून जाते आणि जाताना भुकटी घेऊन जाते, तीच भरण्याच्या जागेवरची धूळ. उरलेली कागदातूनच जायची.

कागदातून हवा जाण्याचे मोजमाप गर्ली सेकंदात करतात : ठरावीक दाबाखाली १०० मिलिलिटर हवा ६.४ चौरस सेंटिमीटर कागदातून जायला किती सेकंद लागतात. आकडा जितका लहान तितका कागद मोकळा. गोणीचा नेहमीचा कागद साधारण ५ ते २० सेकंदांत बसतो, त्याहून मोकळे कागदही मुद्दाम बनवले जातात. थर एकामागे एक आले की अडथळे बेरजेने वाढतात. १५ सेकंदांचे तीन थर म्हणजे सुमारे ४५, आणि ६ सेकंदांचे दोन थर म्हणजे १२. हवेच्या वाटेतला अडथळा जवळपास चौपटीने कमी. भरण्याचा वेग वाढवायचा म्हणून यंत्र बदलण्याआधी हा एक आकडा बघावा. त्याला नटबोल्ट लागत नाहीत.

हवा अडली की काय होते ते तुमच्या भरण्याच्या जागेवर रोज दिसत असेल, फक्त त्याचे कारण कागदात शोधले जात नसेल. गोणी उशीसारखी फुगते. वजनाचा काटा गाठायच्या आधीच ती भरल्यासारखी होते, मग चालक भरण्याचा वेळ वाढवतो. तोटीवरून सुटताना व्हॉल्व्हमधून पिचकारी उडते. सपाट करणाऱ्या रोलखाली गेली की हवेला एकच वाट उरते, ती कागद फाडून. इथून वाचली तर पॅलेटवर चढते, आणि तिथे हवा तासाभरात निघून गेल्यावर सैल पडते. एका थरात पाच गोण्या आणि आठ थर अशा एक टनाच्या पॅलेटमध्ये तळाच्या प्रत्येक गोणीवर १७५ किलो भार असतो. सैल गोणी तो भार एकसारखा घेत नाही, थप्पी कलते, कडेची गोणी बाहेर येते आणि फोर्कलिफ्टच्या दात्याला सापडते. नोंदवहीत लिहिले जाते : ‘हाताळणीतील नुकसान’.

दाणेदार मालाला, प्लास्टिकचे मणी, बियाणे, दाणेदार खत यांना, ही अडचण नाही. दाण्यांमधली हवा आपोआप वर निघते. तिथे मोकळ्या कागदासाठी जास्तीचे मोजू नका. टोकदार दाणा असेल तर आतल्या थराचे फाडबळ बघा, तेवढे पुरे.

मोकळा कागद घेऊन त्याचे तोंड पुन्हा बंद करण्याचेही प्रकार आहेत. ओलाव्यापासून जपायचे म्हणून दोन थरांत प्लास्टिकची फिल्म घातली जाते. ती अखंड असेल तर आतल्या थराची गर्ली कितीही चांगली असो, हवा फिल्मवर येऊन थांबते. सुईने टोचलेली फिल्म हवी, आणि भोके किती व कुठे, हे माल किती ओलावा ओढतो त्यावर ठरवायला हवे. दोन्ही गोष्टी पूर्णपणे एकदम मिळत नाहीत, तडजोड करावीच लागते. दुसरा प्रकार बाहेरच्या थरावरच्या छपाईचा. गोणी पूर्णपणे गडद रंगात रंगवून वर वॉर्निश दिले की शाई फटींत बसते. विक्री विभागाला ती गोणी फार आवडते. शक्य असेल तर निदान मागची बाजू कोरी ठेवा.

ओलाव्याबद्दल सगळ्यांना पावसाची भीती असते, आणि ती रास्त आहे. पण कोरडेपणाने फुटणाऱ्या गोण्यांकडे कुणाचे लक्ष जात नाही. ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत क्राफ्टमध्ये साधारण ७ टक्के पाणी असते. ते पाणी तंतूंना लवचीक ठेवते. हवा कोरडी झाली आणि कागद ५ टक्क्यांच्या खाली गेला की ताणबळ उलट किंचित वाढलेले दिसते, पण लांबण घसरते, टीईए घसरतो आणि घडीवर कागद तडकतो. म्हणून कोरड्या ऋतूत गोण्या जास्त फुटतात आणि प्रयोगशाळेतला अहवाल मात्र उत्तम येतो, कारण प्रयोगशाळेने नमुना २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत ठेवून मग मोजलेला असतो. अहवाल खोटा नसतो. तो तुमच्या गोदामातल्या कागदाचा नसतो एवढेच.

रिकाम्या गोण्यांचे गठ्ठे तापणाऱ्या पत्र्याखाली, भट्टीच्या भिंतीला टेकून किंवा गरम हवेच्या झोतासमोर ठेवू नका. वेष्टन वापरायच्या वेळेपर्यंत काढू नका. गोण्या सुकल्याच असतील तर गठ्ठा दमट खोलीत रात्रभर ठेवून फारसे साधत नाही. कडा ओलावा घेतात, गाभा तसाच राहतो. वेष्टन सोडून, गठ्ठे सैल करून, ६० टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेत काही दिवस द्यावे लागतात. आणि माल गरम भरत असाल तर भरल्यानंतरच्या काही तासांत कागद आतून सुकतो. भरताना न फुटलेली गोणी संध्याकाळी गाडीत चढवताना फुटते ती यामुळे. उपाय कागदात थोडा आहे, माल थंड करण्यात जास्त.

पावसाचे बोलायचे तर दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मोजल्या जातात. साइझिंग म्हणजे पाणी आत शिरायला उशीर लावणे. ते कॉब चाचणीने मोजतात, ६० सेकंदांत एका चौरस मीटरने किती ग्रॅम पाणी प्यायले ते. गोणीच्या बाहेरच्या थराला २५ ते ३५ चांगले. पण पाणी एकदा शिरले की साध्या क्राफ्टचे बळ कोरड्याच्या दहाव्या हिश्शाखाली येते, मग कॉब कितीही असो. भिजल्यावरही बळ राहावे म्हणून लगद्यात वेट-स्ट्रेंग्थ रेझिन घालावे लागते. उघड्यावर थोडा वेळ राहणाऱ्या मालाला ते हवे. पण असा कागद पुन्हा लगदा करताना लवकर विरघळत नाही, म्हणून गरज नसताना मागू नका.

सांध्यांकडे वळतो. बुडाशी आणि व्हॉल्व्हशी स्टार्चची खळ लागते. खळ पातळ असेल तर पाणी कागदात जाते, कागद फुगतो, वाळताना आकसून सांध्याशेजारी चुण्या पडतात आणि पहिली चीर तिथे पडते. खळ कमी असेल तर सांधा कोरडा राहतो. बनवून लगेच पाठवलेल्या गोण्यांच्या बुडात अजून ओल असते, त्यांना मुरायला वेळ द्या. ‘आजच्या आज पाठवा’ या फोनचा परिणाम बुड उघडण्यात दिसतो. थरांची टोके एकाच रेषेत कापलेली असण्यापेक्षा पायऱ्यांसारखी कापलेली असतील तर प्रत्येक थर आपापल्या जोडीदाराला चिकटतो आणि भार वाटून घेतो. थरांची मापेही बघायची : आतला थर बाहेरच्यापेक्षा जरासा लहान असावा लागतो, पण जास्त लहान झाला की सगळा भार तोच घेतो आणि एकटा फाटतो. तीन थर मोजून घेतलेली गोणी मग व्यवहारात एका थराची असते.

शिवलेल्या उघड्या तोंडाच्या गोण्यांत टाके जवळजवळ घातले की शिवण पक्की होते असा समज आहे. कापडात तसे असेल. कागदात प्रत्येक टाका म्हणजे एक भोक, आणि भोके जवळ आली की पोस्टाच्या तिकिटांमधल्या रेघेसारखी फाडायची सोय होते. टाका ८ ते १० मिलिमीटरचा ठेवा, सुई बोथट झाल्यावर बदला, वरून क्रेप कागदाची पट्टी घ्या. बारीक भुकटी शिवणीतून गळणारच. तिच्यासाठी चिकटवून किंवा उष्णतेने बंद होणारे तोंड निवडावे.

फुटलेली गोणी नीट पाहिली तर ती बहुतेक उत्तर स्वतः देते. चीर लांबीत सरळ गेली असेल, तर आडवा टीईए कमी किंवा गोणी हवेने ताणलेली. चीर बुडाच्या घडीवर आडवी असेल आणि कडा कडक, झाडाच्या वाळक्या पानासारख्या लागत असतील, तर कागद सुकलेला. सांधा उघडला असेल तर दोन्ही तुकड्यांच्या आतल्या बाजू उजेडात धरा : तंतू उपटून आलेले असतील तर खळ चांगली होती आणि भार जास्त होता, पृष्ठभाग चकचकीत आणि स्वच्छ असेल तर दोष खळीचा किंवा घाईचा. आतला थर फाटून बाहेरचा शाबूत, तर थरांची मापे जुळलेली नाहीत. फाटणे व्हॉल्व्हच्या तोंडाशी सुरू झाले, तर तोटीवर बोट फिरवून पाहा, झिजलेली धार हाताला लागते. एकाच तोटीवरच्या गोण्या फुटत असतील तर कागदाला दोष देण्यात अर्थ नाही. शंभर फुटलेल्या गोण्या अशा पाच ढिगांत वाटायला एका माणसाला अर्धा दिवस पुरतो. जीएसएम वाढवण्याच्या निर्णयाआधी तो अर्धा दिवस खर्च करावा.

पुनर्वापराच्या लगद्याबद्दल आम्हाला वारंवार विचारले जाते. तंतू प्रत्येक फेऱ्यात तुटतो, वाळून ताठ होतो आणि पकड गमावतो. खोक्याच्या कागदात हे चालते, तिथे जाडीने भागवता येते. गोणीत लांबण आणि हवा जाणे दोन्ही हवे असते, आणि बारीक तुटके तंतू नेमक्या त्या फटी बुजवतात. मधल्या थरात थोडे मिसळता येते, पण टीईए मोजून. खाद्यपदार्थाला लागणाऱ्या आतल्या थरात मात्र नको : छापील रद्दीतल्या शाईची खनिज तेले कोरड्या पिठातसुद्धा वाफेने उतरतात. मधे कागदाचा दुसरा थर आहे म्हणून ती अडत नाहीत.

धोकादायक मालाच्या गोण्यांवर ५एम१ किंवा ५एम२ अशी संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीची खूण असते : पहिली बहुथरी कागदी गोणी, दुसरी पाणीरोधक बहुथरी. मर्यादा ५० किलो निव्वळ वजनाची. पाडण्याची उंची मालाच्या धोक्याच्या गटानुसार १.८, १.२ किंवा ०.८ मीटर. ही खूण त्या विशिष्ट रचनेला मिळालेली असते. थर, कागद किंवा सांधा बदलला की ती आपोआप नव्या गोणीला लागू होत नाही. खरेदीच्या टेबलावर ‘तत्सम कागद चालेल’ असे लिहिणे इथे नियमभंग ठरू शकते.

गोणीचा कागद सगळीकडे वापरावा असेही आमचे म्हणणे नाही. भाराच्या कडांना लावायचे कोपरे, थरांमधले तक्ते, मधमाशीच्या पोळ्यासारख्या गाभ्याच्या पाट्या यांना लांबणारा कागद नकोच, त्या ताठ हव्यात. कंटेनरमधल्या रिकाम्या जागेत फुगवायच्या हवापिशव्यांना तो लागतो, कारण तिथे आतल्या प्लास्टिकच्या फुग्याला आवरायचे काम कागदाच्या थरांचे. पाण्याने चिकटणाऱ्या क्राफ्ट पट्टीला, हातात धरायच्या पिशव्यांना, वस्तूंभोवती चुरगाळून भरायच्या कागदाला साधा क्राफ्ट पुरतो. तिथे क्लुपॅक कागद मागणारेही आम्हाला भेटतात. नुसते नाव ऐकलेले असते.

तर आता मागणीपत्राची ओळ. जीएसएम ठेवा, पण अधिक-उणे ४ टक्के सूट देऊन, वाहतुकीच्या आणि हिशेबाच्या सोयीपुरता. बर्स्ट फॅक्टर काढून टाका. त्या जागी प्रत्येक थराचा उभा आणि आडवा टीईए, किमान मर्यादेसह. एका थराची आणि पूर्ण भिंतीची गर्ली, कमाल मर्यादेसह. पोहोचतानाचा ओलावा, ७ ते ९ टक्के. बाहेरच्या थराचा कॉब. मर्यादा कुठल्या छापील तक्त्यातून उचलू नका. ज्या लॉटच्या गोण्या तुमच्याकडे उत्तम चालल्या त्यांचा कागद मोजून घ्या आणि तेथून सुरुवात करा.

कागदाच्या आकड्यांच्या जोडीला भरलेल्या गोणीची पाडणचाचणी हवीच, कारण सांधा, खळ, थरांची मापे यांतले काहीही कागदाच्या अहवालात येत नाही. प्रत्येक लॉटमधून दहा गोण्या तुमच्याच यंत्रावर, तुमच्याच मालाने भरा. एक दिवस ठेवा. पाच सपाट पाडा, पाच बुडावर. खांद्यावरून वाहतूक होत असेल तर १.४ मीटर, सगळे पॅलेटवर असेल तर त्याहून कमी. न फुटलेली गोणी थोडी उंची वाढवून पुन्हा पाडा, फुटेपर्यंत. ‘उत्तीर्ण’ या शब्दापेक्षा कोणत्या उंचीला आणि कुठे फुटली ही नोंद पुढच्या लॉटशी ताडून पाहायला उपयोगी पडते.

आणि एक लहानशी विनंती. तक्रारीसोबत फुटलेली गोणी पाठवता तेव्हा ती झटकून, घडी घालून, बांधून पाठवू नका. घडीने नव्या चिरा पडतात आणि झटकण्याने सांध्यातले तंतू जातात. चिरेभोवती खडूने वर्तुळ करा, गोणी सपाट ठेवून प्लास्टिकमध्ये बंद करा म्हणजे तिचा ओलावा टिकेल, आणि वर तोटीचा क्रमांक, भरल्याची वेळ आणि फुटल्याची वेळ लिहा. त्याच गठ्ठ्यातल्या पाच कोऱ्या गोण्याही सोबत द्या.

आपले,
कागदी गोण्या बनवणारे आणि तपासणारे